लातूरचा समुद्र

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी नांदेडहून सुट्टी काढून घरी गेलो होतो. ११ तारखेला निघालेली दहा वाघिणींची पहिली गाडी १२ च्या पहाटे पोचली. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि जवळजवळ चार महिने ती धावत राहिली. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाण्यासाठी १४४ कलम लागलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

आमच्या गल्लीत टँकर आला तेव्हा अम्मीने त्यातला पहिला हंडा भरून झाकून ठेवला. "कृष्णा का पानी है," असं ती शेजारणीला सांगत होती, जणू कुणी हजहून जमजम आणलं असावं. कंधार तालुक्यात शेती करणारा माझा मामू त्या दिवशी घरीच होता. तो म्हणाला, "मिरग लगने दो, फिर देखो." मृग लागेपर्यंत कळ काढा, बस. आधीच्या वर्षी ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का झाली होती, गावोगावी पोरांनी धोंडी काढली होती, तरी मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमीच पडला. इतकं होऊनही मामूचा मृगावरचा भरवसा ढळला नव्हता.

हा भरवसा कुठून आला, याचा शोध घेताना मी समुद्रापर्यंत जाऊन पोचलो. लातूर-नांदेडच्या माणसाने समुद्रावर लिहावं हे जरा विचित्र वाटेल. आमच्याकडे समुद्र येतो तो आठवडी बाजारात सुकट आणि बोंबलाच्या वासातून, तेवढाच. पण मिरजेहून आलेलं ते पाणीसुद्धा आधी अरबी समुद्राची वाफ होतं, मग महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस होतं, मग कृष्णा नदी. समुद्राकडून थेट यायचं ते आलं नाही, म्हणून रेल्वेने आणावं लागलं, इतकाच फरक.

आता मृगाविषयी. पेशवे दफ्तरातली मराठी कागदपत्रं ज्यांनी चाळली असतील, त्यांनी त्यांवरच्या तारखा पाहिल्या असतील. इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे अरबी आकडे, आणि शेवटी 'मया व अलफ'. हा सुहूर सन. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाविरुद्ध उदगीरची मोहीम जिंकली, त्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता. या सनाने तो काळ ११६० मध्ये पडतो, म्हणजे 'सन सितैन मया व अलफ'. मोडीत लिहिलेली मराठी, तारीख अरबीत, आणि ती वापरणारा पुण्याचा ब्राह्मण कारकून. आज कुणाला हे सांगितलं तर तो चमकतो, पण तेव्हा त्यात चमकण्यासारखं काही नव्हतं.

या सनाचं दुसरं नाव मृगसाल. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवं वर्ष सुरू. हा सन दख्खनमध्ये १३४४ च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाच्या काळात सुरू झाला असं मानतात. कारण अगदी व्यवहारी होतं. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतं. रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो तो त्यामुळेच. इबादतीला हे चालतं, शेतसाऱ्याला चालत नाही. पीक घरात आलं नसताना सारा मागून काय मिळणार? म्हणून हिजरीचा आकडा कायम ठेवला आणि वर्षाची सुरुवात बांधली मृगाला, म्हणजे पावसाला. मुसलमान राज्यकर्त्यांनी हिंदू शेतकऱ्याचं नक्षत्र घेतलं आणि पुढे मराठ्यांनी तोच सन चालू ठेवला. मला यात एकोप्याची गोष्ट दिसते, पण त्याहून जास्त एक गृहीतक दिसतं. पाऊस मृगाला येणार, दरवर्षी येणार, एवढं नक्की येणार की त्यावर राज्याचं वर्ष बेतता येईल.

हेच गृहीतक समुद्रावरच्या माणसांचंही होतं. 'मौसम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ ठरलेली वेळ, हंगाम. हजच्या दिवसांनाही तो वापरतात. अरब खलाश्यांनी तो वाऱ्यांना लावला, पोर्तुगीजांनी तो उचलला, त्यातून इंग्रजी मान्सून झाला आणि आपल्याकडे मोसमी पाऊस. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद कोणत्या बंदरातून कधी निघावं याचे दिवस सांगतो, तेव्हा तो चांद्र महिने वापरत नाही. तो नौरोजपासून दिवस मोजतो. जी अडचण दख्खनच्या महसूल कारकुनाची, तीच खलाश्याची, आणि दोघांनी तोडगाही सारखाच काढला. पावसाळ्याच्या भरात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं जवळजवळ तीन महिने बंद असत. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तो मुख्यतः माशांच्या विणीसाठीचा नियम आहे, पण त्याआधी कित्येक शतकं समुद्रच ती बंदी घालत होता.

या वाऱ्यांवर बसून जे आले त्यांत अल-मसूदी होता. बगदादचा हा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये चौलला आला. अरब त्याला सैमूर म्हणत. तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती आढळली. तो ज्याला 'बल्हरा' म्हणतो तो राजा म्हणजे राष्ट्रकूट, 'वल्लभराज'चा अरबी अपभ्रंश. अरब प्रवाशांनी त्या काळच्या जगातल्या चार मोठ्या राजांत त्याची गणना केली आहे. आणि हे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. ज्या शहराला रेल्वेने पाणी पाजावं लागलं, त्याचं नाव मिरवणाऱ्या घराण्याची कीर्ती हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या गोदीवर पोचली होती.

पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा ताम्रपट तर त्याहून पुढे जातो. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणच्या प्रदेशाचा कारभार पाहणारा अधिकारी एक अरब होता. संस्कृत लेखात त्याचं नाव मधुमती सुगतिप असं येतं. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट होडीची सोय केली, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच संमतीने तिथल्या एका मठाला जमीन मिळाली. इतिहासाच्या शालेय पुस्तकात हे का नाही, हा वेगळा लेख होईल.

आता कंधारला येऊ, कारण मला जी गोष्ट सांगायची आहे तिचं टोक तिथे आहे.

बहमनी घराण्यातला दुसरा मुहम्मदशहा १३७८ ते १३९७ गादीवर होता. फिरिश्ता त्याला महमूद म्हणतो, नाण्यांवर मुहम्मद आहे. लढायांपेक्षा पुस्तकांत रमणारा हा माणूस. त्याने शिराजच्या हाफिजला दख्खनला यायचं निमंत्रण धाडलं, सोबत प्रवासखर्च. फिरिश्ता सांगतो की हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात बसलासुद्धा. पण नांगर उचलण्याआधीच वादळ उठलं. शायर घाबरला, काहीतरी निमित्त सांगून उतरला आणि सुलतानाला एक गझल पाठवून शिराजला परत गेला. ही हकीकत मुशायऱ्यांत सगळे रंगवून सांगतात.

त्याच सुलतानाविषयी त्याच इतिहासकाराने लिहिलेली दुसरी हकीकत कुणी सांगत नाही. दख्खनमध्ये दुष्काळ पडला. सुलतानाने स्वतःच्या खर्चाने दहा हजार बैल लावले. ते माळवा आणि गुजरातहून सतत धान्य वाहून आणत होते आणि ते धान्य लोकांना स्वस्तात विकलं जात होतं. शिवाय गुलबर्गा, बीदर, दौलताबाद, एलिचपूर, चौल, दाभोळ अशा शहरांत त्याने अनाथ मुलांसाठी मदरसे काढले. त्या यादीत कंधारचं नाव आहे, आमच्या नांदेड जिल्ह्यातलं. इतकी अनाथ मुलं एकदम कुठून आली असतील, हा प्रश्न फिरिश्ताने विचारलेला नाही. लोकांच्या तोंडी १३९६ नंतरचा 'दुर्गादेवीचा दुष्काळ' राहिला, दहा-बारा वर्षं चाललेला. बस्तरच्या दंडक गुहेत चुनखडीचे जे थर साचत गेले, त्यांतून शास्त्रज्ञांनी जुन्या पावसाचा हिशेब काढला आहे. चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मान्सून पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ रोडावला होता असं तो हिशेब सांगतो. बखरीतला दुष्काळ दगडातही लिहिलेला आहे.

दहा हजार बैल आणि पन्नास वाघिणी. लातूरच्या त्या रेल्वेकडे पाहताना मला ही तुलना सुचली नव्हती, नंतर सुचली.

आपल्या भाषेत एक जोडशब्द आहे, अस्मानी-सुलतानी. आभाळातून येणारं संकट ते अस्मानी, राजाकडून येणारं ते सुलतानी. पाऊस न पडणं अस्मानी, त्या वर्षीही सारा वसूल करणं सुलतानी. शेतकऱ्याला दोन्हींनी मार बसतो, पण जाब दुसऱ्यापुरताच विचारता येतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या शब्दाचं सर्वात भयानक उदाहरण. दख्खन, म्हैसूर, मद्रास मिळून पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. आणि १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटनने दिल्लीत व्हिक्टोरिया राणीसाठी दरबार भरवला. माणसं मरत होती आणि बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. अस्मानी किती आणि सुलतानी किती, हे तिथे वेगळं काढताच येत नाही.

त्या दुष्काळाने मात्र सरकारला एक धडा दिला. पाऊस आधी ओळखता आला पाहिजे. हवामान खातं १८७५ मध्येच स्थापन झालं होतं. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फात उत्तर शोधत होते. मग १८९९ चा दुष्काळ आला आणि १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती त्या खुर्चीवर बसला. त्याला हवामानाचं फारसं ज्ञान नव्हतं, आणि तेच बरं झालं. त्याने जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे जमवले आणि नुसती आकडेमोड करत राहिला. पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, मग उलट, असा एक झोका त्याला दिसला. १९२४ मध्ये त्याने त्याला 'सदर्न ऑसिलेशन' नाव दिलं. झोका दिसला, पण झुलवतो कोण ते कळलं नाही. ते १९६९ मध्ये ब्यर्कनेसने दाखवलं. पेरूचे कोळी ज्याला एल निनो म्हणत, नाताळच्या सुमारास येतं म्हणून 'बाळ' येशूच्या नावाचं, ते समुद्राचं तापणं आणि वॉकरचा झोका एकच आहे. पॅसिफिकचं पाणी पूर्वेकडे तापलं की बऱ्याचदा आपला मान्सून अडखळतो. १८७७ ला तेच झालं होतं.

माझ्या दादीला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिने ते भोगलं होतं. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर गेली. आमच्या घरातली बाई घराबाहेर जाऊन काम करते हे तोपर्यंत झालं नव्हतं. डोक्यावर माती, अंगावर लुगडं, बुरखा पेटीत. कामावर पोरांना सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. "जनावर का दाना था," दादी म्हणायची, "लेकिन उसीने जिलाया." त्या खडी फोडणाऱ्या हातांमधूनच पुढे रोजगार हमी कायदा उभा राहिला, १९७७ मध्ये.

दादी माती वाहत होती त्याच महिन्यांत पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही नावाचा छोटा मासा नाहीसा होत होता. १९७० मध्ये एक कोटी टनांहून जास्त पकड देणारी, जगातली सगळ्यात मोठी ती मासेमारी. १९७३ पर्यंत ती वीस लाख टनांच्या आसपास घसरली. हव्यासाने आधीच जास्त मासे मारले होते, त्यात एल निनोने थंड, पोषक पाणी वर येऊ दिलं नाही. अस्मानी आणि सुलतानी तिकडेही. पेरूचा कोळी आणि माझी दादी एकाच समुद्राच्या तडाख्यात सापडले होते. एकमेकांचं नाव त्यांना कधी कळलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट जुनी आहे. समुद्र पूर्वीही लहरी होता. २०१५ साली फार मोठा एल निनो होता आणि देशभर लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस कमी पडला, तेही त्याच जुन्या झोक्यात बसतं. प्रत्येक एल निनोला दुष्काळ पडतोच असंही नाही. १९९७ ला प्रचंड एल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू उबदार आणि पूर्व बाजू थंड होती, आणि त्या फरकाने मान्सूनला सावरलं. त्यावरूनच १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'इंडियन ओशन डायपोल' मांडला. म्हणजे आपल्या दारातला समुद्रही स्वतःचा डाव खेळतो.

पण आता डावाचा पटच बदलतो आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडला, त्याने अडकवलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त उष्णता महासागरांनी पोटात घेतली. आपण सोडलेल्या कर्बवायूचा सुमारे चौथा हिस्साही त्यांनीच गिळला. म्हणून पृथ्वी आहे त्याहून जास्त तापली नाही. त्याची किंमत समुद्र मोजतो. पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला. ऐकायला हा फरक किरकोळ, पण त्याचा अर्थ आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढली. शिंपले आणि प्रवाळ चुन्यावर जगतात, त्यांना ते जड जातं. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पांढरी पडली. मालदीवची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन समुद्रापासून एक मीटरसुद्धा उंच नाही. दौलताबाद पाहून गेलेला इब्न बतूता १३४४ मध्ये, म्हणजे इकडे मृगसाल सुरू होत असताना, तिथे काजी होता. त्याने ज्या बेटांवर निवाडे केले त्यांचं पुढे काय होईल, हा आता तिथल्या सरकारपुढचा रोजचा प्रश्न आहे.

आपल्यापुरतं पाहायचं तर हिंदी महासागराचा पश्चिम भाग. १९०१ ते २०१२ या काळात तो उन्हाळी महिन्यांत १.२ अंशांनी तापला, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी दाखवलं. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, म्हणून वारे आत ओढले जातात. समुद्रच तापत गेला तर ही ओढ सैल पडते. कोल यांच्या २०१५ च्या अभ्यासाचा निष्कर्ष तोच होता, मध्य भारताच्या पट्ट्यात पाऊस कमी होत गेला. पण गरम समुद्राची वाफही जास्त, आणि हवा एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मधूनच वाऱ्याला जोर आला की ते सगळं बाष्प एकदम येऊन कोसळतं. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या, हा त्यांचा २०१७ चा अभ्यास. कोरडे आठवडे वाढले आणि पडला की धो धो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलेल्या आम्हाला दोन्ही एकाच वर्षात मिळतं.

हाफिज ज्या वादळाला भ्यायला तसली वादळंही वाढली. अरबी समुद्रात २००१ ते २०१९ मधली चक्रीवादळं त्याआधीच्या एकोणीस वर्षांपेक्षा ५२ टक्क्यांनी जास्त होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यावर आदळलं तेव्हा कोकणातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. दिवस पाहा, मृगाच्या उंबरठ्यावरचे.

त्याच २०२० साली हवामान खात्याने मान्सूनच्या सरासरी तारखाच बदलल्या. १९६१ ते २०१९ चे आकडे घेऊन नवं वेळापत्रक केलं. केरळात १ जून तसाच राहिला, पण महाराष्ट्र, तेलंगणासारख्या राज्यांत आगमन तीन ते सात दिवस पुढे गेलं आणि अनेक भागांत परतीच्या तारखाही पुढे सरकल्या. बातमी आतल्या पानावर होती. मला मात्र ती वाचताना मृगसालच आठवलं. साडेसहाशे वर्षांपूर्वी ज्या तारखेवर दख्खनने वर्ष टांगलं होतं, ती खुंटी सरकल्याचं सरकारी कागदावर आलं होतं.

मामूला हे सगळं मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो हम ऊस क्यों लगाते?" बरोबर होतं त्याचं. टंचाईच्या लातुरात उसाचे कारखाने उभे करणं, बोअर हजार फुटांखाली नेणं, ही कोणत्याही समुद्राची करणी नाही, इथली सुलतानी आहे. सगळं बिल हवामान बदलावर फाडायची सोय पुढाऱ्यांना मिळू नये. पण कधीकाळी जे निखळ अस्मानी होतं, त्यातही आता माणसाचा हात आहे. तो हात मामूचा नाही. आयुष्यभर एक जुनी मोटरसायकल आणि एक पंप चालवणाऱ्या माणसाने हवेत किती धूर सोडला असेल? ज्या देशांनी दोनशे वर्षं कोळसा जाळला, त्यांच्या सुलतानीचा सारा कंधारच्या काळ्या रानात वसूल होतो आहे, आणि या सुलतानाच्या दारात जाऊन फिर्याद करायला दार कुठे आहे तेच सापडत नाही.

लातूरला रेल्वे थांबली त्याच २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मांजरा धरण भरलं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत इतका पाऊस झाला की रावणगाव, हसनाळ या गावांतल्या लोकांना काढायला सैन्य बोलवावं लागलं, माणसं गेली, जनावरं दावणीला बुडाली. सप्टेंबरमध्ये लातूर, नांदेड, धाराशिव, बीड सगळीकडे सोयाबीन पाण्यात उभं.

मी ऑक्टोबरमध्ये मामूकडे गेलो. लोह्याहून आत वळलं की कंधारचा किल्ला आणि राष्ट्रकूटांच्या वेळचं मोठं तळं. जुन्या शिलालेखात त्याचं नाव 'जगत्तुंगसमुद्र' असं आहे. किनाऱ्यापासून शेकडो मैल लांब राहणाऱ्या लोकांनी पावसाचं पाणी अडवलं आणि त्याला समुद्र म्हटलं. मामूने शेतातून मूठभर शेंगा आणून माझ्या हातावर ठेवल्या. झाडावरच दाण्यांना कोंब फुटले होते. मग त्याने पंचनाम्याचा अर्ज काढला, चष्मा घरी राहिला होता म्हणून मला वाचायला दिला. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक. "नुकसान कायकू हुआ, वो किधर लिखना?" त्याने विचारलं.

ती जागा भरायची नव्हती. तिथे आधीच छापलेलं होतं, नैसर्गिक आपत्ती. मी बोट ठेवलं तिथे, खाली, त्याने सही केली.